फुटाला एक सूत

आधीच सांगते, त्या बाईला मी माफ केलेलं नाही. शेवटी माझं मन विरघळेल अशा आशेनं कुणी वाचायला बसलं असेल, तर त्यानं इथंच थांबावं. नाव मात्र घालणार नाही. ती आबांची अट आहे. त्यांच्या बाकीच्या अटी मी मोडल्या, ही एक पाळतेय.

आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत बीड वितळवून मशीनचे भाग ओततात हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा उठवतात, आणि तो नमुना करणारा माणूस चुकला तर पुढचे सगळे चुकतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पंपाचं पोट असो की कप्पीचं चाक, आधी ते आबांच्या हातून लाकडात निघायचं आणि मग लोखंडात.

या कामाची एक गंमत आहे, आणि पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं, म्हणून नीट सांगते. वितळलेलं बीड थंड होताना आक्रसतं. फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. बाकी दिसायला कुठल्याही पोलादी पट्टीसारखी. ओळखायला कोपऱ्यात एक बारीक ठसा असतो. आबांच्या पट्टीवरचा तो ठसा अंगठा फिरून फिरून पार गुळगुळीत झाला होता. त्यांना ठसा बघायची गरजच नव्हती. फौंड्रीत कुणी चुकून साधी पट्टी उचलली, तर आबा सगळ्या शेडला ऐकू जाईल असे ओरडायचे, "पट्टी बघून उचला की रं! डोळं घरी ठेवून आलाय व्हय?"

नव्वदचं दशक संपता संपता ती फौंड्री बंद पडली. गेटवर कुलूप दिसलं तेव्हा आबा हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून घरी आले आणि मी कॉलेजला दांडी मारून कामगारांच्या संघटनेत गेले. तिथं मी पत्रकं लिहायला शिकले. मला शिकवणाऱ्यांनी एकच नियम सांगितला होता: आधी आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. या तिन्हीतलं एक जरी नसलं, तरी ते पत्रक भेळेला जातं.

आबांना बसून राहणं जमेना. उद्यमनगरात परदेशी मशीनं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. मशीन काढून घेतलं की खोकं गेटबाहेर. तिथून ते लोकांच्या बंबात जायचं, आंघोळीचं पाणी तापवायला. आबांनी एकदा तसल्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असलं सरळ लाकूड जाळत्यात? ह्यास्नी काय म्हणावं." त्या दिवसापासून आमच्या अंगणात खोकी यायला लागली.

खोकं तोडणं सोपं. फळी न फोडता सोडवणं, तिथं हात लागतो. आबा प्रत्येक खिळ्याच्या मागून लाकडी ठोकळा लावून तो हळूहळू उठवायचे. निघालेले वाकडे खिळे आई पायरीच्या दगडावर ठोकून सरळ करायची. ती खिळे ठोकायला लागली, की तिचा राग कुणावर आहे हे आम्ही ओळखायचो. त्या फळ्यांवर काळ्या शाईत छापलेलं असायचं: छत्री, काचेचा पेला, वर जाणारे दोन बाण. पावसापासून जपा, फुटेल, ही बाजू वर. आबा रंध्यानं सगळं साफ करायचे, पण ती चित्रं ठेवायचे. आणि काहीही करोत, बाण वरच. मी एकदा म्हटलं, "आता आत मशीन थोडंच हाय?" तर म्हणाले, "सांगितलंय न्हवं वर म्हणून?"

त्यातून आईला भांड्यांची मांडणी झाली. मला पत्रकांचे गठ्ठे ठेवायला कप्पे झाले. आरशाला चौकट, दारात बसायला बाकडं, दिव्याला खाली उजेड पडेल असं झाकण. दोन खोल्यांचं आमचं घर, पण येणारा माणूस आधी भिंतीकडं बघायचा, मग आमच्याकडं. सगळी मापं आबांच्या पट्टीनं. घरात कुठल्याच वस्तूला दुसऱ्या कुणाच्या मापात बसायचं नव्हतं, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. आबांनाही नाही.

मग ती बाई आली. तिचं ताराबाई पार्कात घर सजवायच्या वस्तूंचं दुकान होतं आणि तिच्या नवऱ्याचं उद्यमनगरात वर्कशॉप. आमच्या बाकड्यावर टेकली, पुन्हा उठून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हे खोक्याचं? खरंच? काका, तुम्ही माझ्याकडं यायला हवं होतंत."

आई आतून हळूच म्हणाली, "आता आलीया न्हवं स्वतः."

बाईंच्या एका गिऱ्हाइकानं नवीन बंगला बांधला होता. दिवाणखान्यात चार कोनाडे, एका मापाचे. त्यात बसतील असे चार रॅक हवे होते. दोन फूट रुंद, तीन फूट उंच, तीन-तीन फळ्यांचे. खिळा दिसायला नको. छत्री, पेला, बाण दिसायलाच हवेत. आबा महिनाभर त्या कामात बुडाले होते. फौंड्री सुटल्यापासून त्यांना जेवताना गप्पा मारताना मी पहिल्यांदा बघितलं ते त्या महिन्यात.

रॅक टेम्पोतून बंगल्यावर नेले, तेव्हा मी बरोबर होते. पहिला रॅक कोनाड्याला लावला. शिरेना. तिरका करून बघितला. शिरेना. बाईंनी पर्समधून टेप काढला. कोनाडा दोन फुटांहून जेमतेम एक सूत मोठा, आणि रॅक भरला दोन फूट दोन सूत.

"काका, मी दोन फूट सांगितलं होतं."

"दोन फूटच हाय की, मॅडम." आबांनी खिशातून आपली पट्टी काढून लावली. अगदी काट्यावर दोन फूट. "बघा. तुमच्या टेपात घोळ असंल."

"टेप नवा आहे."

"नव्या टेपाचं काय सांगू नका. बत्तीस वर्षं मापं घेतल्यात म्या."

बंगल्याचे मालक, रंगारी, फरशीवाले, सगळे गोळा झालेले. बाई त्यांच्याकडं बघून हसल्या. "बत्तीस वर्षं! तरी दोन फूट कळत नाहीत." रंगारी खिदळले. मग त्या आबांकडं वळल्या. हसू गेलेलं. "मोजता येत नाही आणि वर तोंड करून बोलायचं. उचला हे सगळं, नाहीतर बंबात घालते."

आबांचा चेहरा मी बघितला आणि त्या क्षणापासून ही बाई माझ्या वहीत आहे. आबा एवढंच म्हणाले, "घाला." आणि चालत निघाले. रॅक तिथंच. बंगल्यापासून घरापर्यंत तीन-चार मैल असतील, रिक्षा केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी पिशवीच्या तळातून साधी पट्टी काढली. ती कधी वापरातच नव्हती. दोन्ही पट्ट्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या, एक टोक जुळवून. दुसरी टोकं जुळली नाहीत. आबा त्या फटीकडं बघत बसले. आई म्हणाली, "चहा टाकू?" आबांनी मोठी पट्टी फडक्यात गुंडाळली, ट्रंकेत टाकली आणि झाकण लावलं. "कुणाला बोलायचं न्हाय," म्हणाले. बस्स.

चुकले ते आबा, हे मला मान्य आहे. पण चुकीला "दोन सूत काढून द्या काका" एवढं उत्तर पुरलं असतं. बाईंनी ते दिलं नाही. त्यांनी ती गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला चहाबरोबर वाढली. ती नवऱ्याच्या वर्कशॉपात गेली, तिथून शेजारच्या शेडमध्ये. दोन ठिकाणांहून आबांकडं पॅटर्न दुरुस्तीला यायचे, ते यायचे बंद झाले. ज्या माणसाचा सगळा जन्म मापावर उभा, त्याला मोजता येत नाही असं उद्यमनगर म्हणायला लागलं. आबांनी खोकी आणणं थांबवलं. अंगणात उरलेल्या फळ्या पावसात काळ्या पडल्या. छत्रीचं चित्र वर होतं, पण आबांनी त्यावर गोणपाटसुद्धा टाकलं नाही.

असं वर्षभर गेलं. मग एका सकाळी पेपरात फोटो आला. बाई, हातात करवत. करवत उलटी धरलेली. मागं आमचे चार रॅक, कडांना निळा रंग मारलेला. मजकूर असा की टाकाऊ खोक्यांतून या बाईंनी स्वतःच्या हातांनी घर सजवायची कला उभी केली आहे, आणि राजारामपुरीतल्या हॉलात त्यांचं दोन दिवसांचं प्रदर्शन आहे.

बंबात घालणार होती ना? घातले का?

मी ट्रंक उघडली. आई बघत होती. "त्यास्नी इचारलंस?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग मीबी बघितलं न्हाय," आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

आता कोल्हापूरची एक रीत. आमच्या पेठेत प्रत्येक तालमीचा चौकात एक फळा असतो. त्यावर मयताची खबर, कुस्तीचा निकाल, आणि गावातल्या कुणाची खोड मोडायची असेल तर तेही, रोज खडूनं लिहिलं जातं. पत्रक माणूस खिशात घालतो, फळा मात्र वाचल्याशिवाय पुढं जात नाही. मी पत्रक छापलंच, पण आमच्या फळ्यावर लिहिणाऱ्यालाही मजकूर नेऊन दिला. त्यानं तो टपोऱ्या अक्षरात उतरवला: "दोन फूट म्हणजे किती? राजारामपुरीत शिकवणी चालू आहे. फौंड्रीतल्या जुन्या मंडळींनी अवश्य यावं. येताना टेप आणावा."

आली की! पंधरा-वीस माणसं आली. सगळी बंद पडलेल्या शेडमधली. पुढं मोल्डर काका, आबांच्या पॅटर्नवर आयुष्यभर वाळू दाबलेले, धोतराचा सोगा हातात धरून. चपला बाहेर काढाव्या की नाही यावर दारात त्यांची चर्चा झाली.

रॅकवर कार्ड, त्यावर बाईंचं नाव आणि खाली "संकल्पना व निर्मिती". त्याखाली माप: दोन फूट बाय तीन फूट. मी सरळ गेले. बाईंनी मला ओळखलं नाही. टेम्पोबरोबर आलेल्या मुलीकडं कोण बघतं?

"हे तुम्ही स्वतः केलंत?"

"अगदी पहिल्या खिळ्यापासून."

"यात खिळा नाहीये," मी म्हटलं. "लाकडी खुंट्या आहेत. बरं, माप बरोबर आहे ना कार्डावरचं?"

"असणारच."

"मोजू?"

मोल्डर काकांनी टेप लावला आणि मोठ्यानं वाचला, "दोन फूट दोन सूत." दुसरा रॅक, दोन फूट दोन सूत. तिसरा, चौथा, तेच. उंची तीन फूट तीन सूत.

बाईंना काहीतरी उमगायला लागलं होतं. म्हणाल्या, "पावसाळ्यात लाकूड फुगतं."

मागून सगळी शेड हसली. काका म्हणाले, "ताई, लाकूड रुंदीत फुगतंय. लांबीत फुगत न्हाय. एवढं तर रंधा धराय लागल्यावर आठ दिवसांत कळतंय."

मग मी फडकं सोडलं आणि आबांची पट्टी लावली. दोन फूट. काट्यावर. उभी लावली. तीन फूट. "ज्यानं हे केलं त्याच्याकडं ही पट्टी होती," मी म्हटलं. "तुमच्याकडं आहे? दाखवा." पत्रक पंधरा मिनिटं वाचायला लागतं. हे दोन मिनिटांत झालं. हॉलातल्या बायका कार्डाकडं बघायच्या, मग बाईंकडं. बाईंचे कान लाल झाले. मी तो रंग नीट बघून घेतला, खोटं कशाला बोलू.

आणि तेवढ्यात काकांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि खो खो हसत सुटले. "आयला! बिडाची पट्टी! गड्यानं बिडाच्या पट्टीनं मांडणी मापली! आमाला शिव्या घालायचा की रं, पट्टी बघून उचला म्हणून!" पंधरा-वीस माणसं पोट धरून हसली. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण ते आबांवर होतं.

बाईंनी ते ऐकलं. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "म्हणजे मी खरंच बोलले होते. मोजता येत नव्हतंच त्यांना."

मी उरलेली पत्रकं वाटली.

संध्याकाळी मी घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. आबा बाकड्यावर बसलेले. हात पुढं केला. मी पट्टी दिली.

"काय शाबीत केलंस?"

"ते तुमचं काम हाय हे."

"कशावरनं?"

मी त्यांच्या हातातल्या पट्टीकडं बघितलं.

"चुकीवरनं," आबा म्हणाले. "ती बाई शंभर जणींत बोलत हुती. तू गावाला मोजून दावलंस." मग माझं पत्रक त्यांनी खिशातून काढलं. कुणीतरी आणून दिलं असणार. "आरोप हाय, पुरावा हाय. मागणी कुठाय? काय पायजे तुला त्या बाईकडनं?"

"तिची लाज."

"मिळाली?"

मिळाली होती, असं मी म्हणाले नाही. पण मिळाली होती, आणि ती मला पुरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, पिशवीत करवत, रंधा, गिरमिट, लाकडी हातोडी आणि साधी पट्टी घेतली. मी मागोमाग. प्रदर्शनाचा दुसरा दिवस होता. कालच्या फळ्यामुळं हॉल आदल्या दिवशीपेक्षा भरलेला. मोल्डर काका खुर्ची टाकून बसलेच होते.

आबांना बघून बाई उठल्या. "काका, झालं ते झालं. आता परत तमाशा नको."

"तमाशा न्हाय. काम हाय. दोन-तीन तास द्या."

आणि आबा हॉलाच्या मधोमध जमिनीवर बसले. हातोडीनं खुंट्या ठोकून पहिला रॅक सुटा केला. बाई "अहो, अहो" करेपर्यंत तीन फळ्या आबांच्या मांडीवर होत्या. साध्या पट्टीनं दोन फूट मोजले. मोजल्यावर पट्टी उचलून कोपऱ्यात ठसा नाही ना, ते बघितलं. सगळ्यांसमोर बघितलं. मग पेन्सिलीची रेघ, मग करवत. दोन सुतांतलं एक सूत करवतीनं भुसा करून खाल्लं, दुसरं कागदाच्या पट्टीसारखं खाली पडलं. भोकं पाडली, रंधा फिरवला, पुन्हा जोडलं. उभ्या बाजू कापून उंचीही उतरवली. काका खुर्चीवरून उठून खाली येऊन बसले आणि न विचारता फळ्या धरायला लागले.

माझा पुरावा तिथं भुसा होऊन पडत होता. मी वाकून म्हटलं, "आबा, काय करताय? आता हे कुणाचंबी म्हणता येईल."

"म्हणू दे," आबा म्हणाले. "माप तर बरोबर ऱ्हाईल."

चौथा रॅक उभा राहिला तेव्हा आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. "टेप लावा, मॅडम. तुमचाच."

बाईंनी लावला. लावावाच लागला, सगळे बघत होते. दोन फूट. तीन फूट. चारही.

"आता मापात हाय," आबा म्हणाले. "आता बंबात घाला."

आणि पिशवी उचलून निघाले. मागं काकांनी टाळी वाजवली. पहिली, मग दुसरी, मग शेडच्या शेडनं. आबांनी वळून बघितलं नाही.

बाईंनी काय केलं? कार्डावरचा "निर्मिती" हा शब्द खोडला. "संकल्पना" ठेवला. कुणाच्या हातचं ते लिहिलं नाही. दुपारपर्यंत चारही रॅक विकून टाकले. माफी मागायला त्या आमच्या दारात आल्या नाहीत, आजतागायत नाहीत.

उद्यमनगरातून दुरुस्तीची कामं हळूहळू परत यायला लागली. पहिलं काम घेऊन काकाच आले. आल्या आल्या म्हणाले, "पट्टी बघून उचला, पावणं," आणि आबा पहिल्यांदा त्यावर हसले. अंगणात पुन्हा खोकी आली. बिडाची पट्टी मात्र आबांनी माझ्या हातात ठेवली. "पत्रक लिवताना जवळ ठेव," म्हणाले. "तुजं बी सगळं फुटाला एक सूत जास्तच असतंय."

ठेवली आहे. आणि त्या दिवशी हॉलातून मी मुकाट्यानं कापून पडलेल्या लाकडी पट्ट्याही गोळा करून आणल्या होत्या, फळ्यांच्या बारा. एक सूत जाडीच्या. एकीच्या तोंडावर काळ्या शाईत छत्रीच्या कडेची एवढीशी रेघ आहे. म्हणजे कोल्हापुरात कुणाच्या तरी दिवाणखान्यात निळ्या कडांचा एक रॅक उभा आहे, त्याचे बाण वर आहेत आणि त्याच्या मधल्या फळीवरच्या छत्रीची कड तुटकी आहे. आल्यागेल्याला त्या घरचे बाईंचं नाव सांगत असतील. त्यांनी एकदा ती छत्री नीट बघावी.

उरलेली रेघ माझ्याकडं आहे.